पावसाळ्यात शाळा कुठे भरायची?

या सदरातले अमानवी अनुभव मी नेमाने वाचते, नवऱ्याला वाचून दाखवते आणि मग आम्ही दोघं हसतो, हे आधीच कबूल करते. आमच्या घरात भुताखेताला कधी थारा नव्हता. वडील पक्के बौद्ध. लहानपणी कुणी म्हणालं की अमक्या चिंचेखाली काहीतरी दिसतं, की ते आम्हा भावंडांना भरदुपारी त्याच चिंचेखाली चिंचा वेचायला पाठवायचे. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय आणि मुलांनाही तेच सांगत आलेय – दिसलं तर तपासा, ऐकलं तर विचारा. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसलेय, याचं सगळ्यात जास्त नवल मला आहे.

मी महाडला राहते. नोकरीच्या जोडीला माझा एक उद्योग आहे – महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या आपल्या समाजातल्या मुला-मुलींसाठी मोबाईलवर वधू-वर ग्रुप चालवते. फुकट, हौसेने. अडीचशेच्या आसपास माणसं आहेत. निम्मी मुंबईला, निम्मी गावाला, आणि सगळ्यांना घाई. ग्रुपची अॅडमिन मी एकटी. नवरा म्हणतो, "तू वर्गातसुद्धा एवढी कडक नसशील." खरंच कडक आहे. नव्या माणसाने स्वतःची माहिती द्यायची, शिवाय गावातल्या दोन ओळखीच्यांचे नंबर द्यायचे. त्या दोघांशी मी स्वतः बोलणार, मगच आत घेणार.

पूर्वी हे काम गिरणीवर व्हायचं. माझं लग्न ठरताना माझे वडील नवऱ्याच्या गावी गेले, ते आधी त्यांच्या घरी गेलेच नाहीत. भाताच्या गिरणीवर जाऊन बसले. तासभर इकडचं तिकडचं बोलले, मध्येच मुलाचं नाव काढलं आणि समोरचा काय म्हणतो ते ऐकलं. ज्या घरी मुलगी द्यायची, त्या घराची चौकशी त्या घरात करायची नाही, हा आमच्याकडचा साधा रिवाज. गिरणीवाल्याला कुणाची भीड नसते.

मला वाटत होतं, मी तेच फोनवर करतेय. कुठे चुकत होते ते पुढे सांगते.

माझी भाची करुणा, बहिणीची मुलगी. वय सत्तावीस. महाडच्या एका खासगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करते आणि माझ्याकडेच राहते. हसरी, कामसू, पण मनातलं पटकन बोलणार नाही. तिचीही माहिती ग्रुपवर होती. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ग्रुपवर एक मुलगा आला – नाव सिद्धांत, पुण्यात इंजिनीयर, मूळ गाव पोलादपूर तालुक्यातलं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की पुढे कुडपणच्या बाजूला फाटा फुटतो, त्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. नाव मुद्दाम देत नाही. चौथीपर्यंत तिथल्या शाळेत शिकलो, मग आई-वडील मुंबईला घेऊन गेले, घर आता बंद असतं, चुलते तेवढे गावी आहेत... अशी त्याची माहिती. आमच्याकडे दर दोन घरांमागे एका घराची हीच कहाणी असते.

त्याने दिलेल्या दोन्ही नंबरांवर मी फोन केले. चुलते म्हणाले, "आमचाच पोरगा हाय, बाई. एक नंबर पोरगा. सुपारीचा खांड तोंडात टाकीत नाय." दुसरे गृहस्थही तसेच. बोलण्यात ते हाय-नाय, तो हेल... मी विरघळलेच. आपल्या मातीतला माणूस दिसतोय म्हटलं आणि घेतलं आत. ते नंबर त्यानेच दिलेले आहेत, म्हणजे मी चौकशी करतेय ती त्याच्याच घरात बसून, हे एवढ्या वर्षांच्या शहाणपणात माझ्या डोक्यात आलं नाही. आपली बोली कानावर पडली की आपण पुढचं काही विचारत नाही. गावच्या माणसांनी करावी अशीच चूक होती ती, आणि माझ्यासारख्या शिष्ट बाईने केली.

करुणा आणि तो बोलू लागले. दोन महिने. ती फोन घेऊन गच्चीत जायची आणि येताना चेहरा उजळलेला असायचा. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. दोनदा म्हटलं, "एकदा व्हिडिओवर बोल ना, आम्हालाही बघू दे." तर कधी त्याचा कॅमेरा बिघडलेला, कधी कंपनीत परवानगी नाही. तिने ऐकून घेतलं, मीही घेतलं.

मग डिसेंबरातल्या एका शनिवारी – शनिवारी सकाळची शाळा असते, मी साडेबाराच्या सुमारास घरी आले होते – करुणा म्हणाली, "मावशी, उद्या मी पोलादपूरला जातेय. सिद्धांत गाडी घेऊन स्टँडवर येणार आहे. त्याच्या आईला पाचगणीच्या दवाखान्यात ठेवलंय, तिला मला बघायचंय."

"मग आम्ही पण येतो."

"त्याची आई घाबरते गं जास्त माणसं बघून. त्याने एकटीलाच बोलावलंय."

"आणि आईला कळवलंस तुझ्या?"

"तिकडून आल्यावर सांगणार आहे."

मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. म्हटलं, "करुणा, हे मला नाही बरं दिसत."

"तुला कुणाचंच बरं दिसत नाही, मावशी! तूच तपासून घेतलंयस ना त्याला? तूच सांगितलंस ना, चांगलं घर आहे म्हणून?"

खरं होतं. मीच सांगितलं होतं. मी दिलेल्या हमीवर ती पोरगी उद्या घाट चढून अनोळखी गाडीतून जाणार होती. मला एकदम आठवले त्या वाडीवरच्या शाळेतले गुरुजी. आम्ही कितीतरी वर्षं शिक्षण परिषदेला केंद्रशाळेत भेटायचो. ते महिन्याची सभा संपली की सगळ्यांच्या आधी उठायचे, चढायचं असायचं ना वर. निवृत्त होऊनही दहा-बारा वर्षं झाली होती. चौथीपर्यंतची त्या वाडीची सगळी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. मी म्हटलं, "थांब. एक फोन करू दे. मग तुला जायचं तर जा."

नंबर माझ्याकडे जुना होता, लागेल याची खात्री नव्हती. पण दुसऱ्या रिंगला उचलला. मी मेथी निवडत होते, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता. करुणा समोरच बसली होती, तोंड फुगवून.

"गुरुजी, मी महाडहून बोलतेय..."

"वळखला, बाई. बोला."

तोच आवाज. थोडा घोगरा, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायची तीच सवय. मी त्यांना भाचीचं स्थळ, मुलाचं नाव, घराचं नाव सगळं सांगितलं.

"घर होता त्या नावाचा. मुंबईला गेली ती मानसं. पोराचा काय आठवत नाय बघा... इतकी पोरं शिकवली. पन आठवायची गरज नाय. एक काम करा. त्याला इचारा, पावसाळ्यात शाळा कुठं भरायची."

"म्हणजे?"

"त्या घरची पोरं पऱ्याच्या पलीकडची. पावसात पऱ्या दुथडी भरला की शाळेत यायचा रस्ताच बंद. मग मीच वरच्या लाकडी साकवावरनं लांबनं फिरून पलीकडं जायचो. चार महिने शाळा विहाराच्या ओट्यावर. इकडची पोरं दुसऱ्या बाई सांभाळायच्या. हे कुठं कागदावर नाय, सायबाला कळला असता तर बोलला असता. पन जो तिथं बसला, तो इसरनार नाय. डोक्यावर पत्रा, पाऊस पडला की पाढेसुद्धा ऐकू यायचे नाय."

मी हसले. म्हटलं, "आणि नाही सांगता आलं तर?"

घसा साफ केला त्यांनी. "तर पोरीला पाठवू नका, बाई. ठेवतो."

करुणा रागातच होती, पण तिनेही सगळं ऐकलं होतं. "विचारते," म्हणाली. "म्हणजे एकदाची तुझी शंका फिटेल." तिने माझ्यासमोर टाईप केलं – तुमची शाळा पावसाळ्यात कुठे भरायची?

लगेच उत्तर आलं. शाळेतच, अजून कुठे? आणि पुढे हसणारी तोंडं.

तिने विचारलं, पऱ्याला पाणी आल्यावर कसे जायचात?

जरा वेळ गेला. मग आलं – पूल आहे ना गावात. हे काय चाललंय? परीक्षा आहे का?

करुणाने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने एकच वाक्य लिहिलं – आत्ता व्हिडिओ कॉल करा, नाहीतर मी उद्या येत नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला त्या क्षणी! पलीकडून आधी गोडी, आईची शपथ, मग रुसवा, मग शिव्या. हो, शिव्या. आईची शपथ घालणारा तोच माणूस. अर्ध्या तासात तो ग्रुपमधून गेला. मी चुलत्यांना फोन लावला तर तो बंद, दुसराही बंद.

करुणा ओट्याला टेकून रडली. "मावशी, मी त्याला सगळं सांगितलं होतं गं. बाबांच्या आजारपणातलंसुद्धा." मी तिला जवळ घेतलं. लाज माझी होती, रडत ती होती. सोमवारी आम्ही दोघींनी जाऊन पोलिसांत तक्रार दिली. सगळे मेसेज आधी जपून ठेवले होते, ते दाखवले. तिथल्या पोलीस बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी उचललेला असणार. आणि गावाची, घराण्याची एवढी माहिती कुठून आली? तर त्या वाडीच्या मुंबईतल्या मंडळाची स्मरणिका! तिची पीडीएफ कुणीतरी हौसेने सगळीकडे पाठवली होती – घरटी नावं, कोण कुठे नोकरीला, सगळं. आम्हीच ताट वाढून ठेवलं होतं.

इथवर यात अमानवी काही नाही, मला माहीत आहे. हे रोज कुठे ना कुठे घडतं.

पुढच्या पंधरवड्यात एका रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, गुरुजींना भेटून येऊ. पेढे घेतले आणि मोटारसायकलवर निघालो. करुणाची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय कुठेही काढायची नाही, असं आमचं ठरलं होतं (हे लिहितेय तेही तिला विचारूनच), त्यामुळे गुरुजींशी एकट्याशीच बोलायचं मी ठरवलं होतं. अकराच्या सुमारास वाडीवर पोचलो. गुरुजींच्या अंगणात नाचणी वाळत घातली होती. त्यांची सून रंजना ती हाताने पसरत होती.

"या बाई, बसा. बऱ्याच वर्सांनी."

"गुरुजी आहेत ना?"

"हायत की. जातील कुठं?" ती उठली. "तुमाला कळला नाय वाटतं. मे महिन्यात झटका आला त्यांना. उजवी बाजू गेली नि वाचाच बंद झाली. एक शब्द नाय निघत तोंडातून."

मी ऐकलं ते मला उमजेना. मे महिना? मी तिला दोनदा विचारलं. नवऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं.

गुरुजी पडवीत खुर्चीवर बसले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. मला बघून डोळे हसले. काहीतरी बोलायला गेले, तर घशातून नुसता आवाज आला, शब्द नाही. मी त्यांच्यासमोर बसले आणि मला काय वाटत होतं ते मला आजही धड सांगता येत नाही. भीती नव्हती ती. वर्गात आपण फळ्यावर गणित सोडवावं, उत्तर बरोबर यावं, आणि मधली एक पायरीच चुकीची निघावी, तसं काहीतरी.

"रंजना, गुरुजींचा फोन कोणाकडे असतो?"

"फोन? तो पेटीत हाय. बॅटरी फुगली त्याची. रिचार्ज मारला नाय, नंबर कवाच बंद झाला."

तिने पेटी उघडून दाखवला. साधा बटणांचा फोन, मागचं झाकण वर आलेलं. वाडीत रेंज एका कातळावर येते. मी तिथे जाऊन तोच नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं बाई मराठीत आणि मग हिंदीत सांगत राहिली. माझ्या फोनच्या यादीत मात्र तो शनिवारचा कॉल होता. बारा एकेचाळीस. चार मिनिटं.

नवरा म्हणाला, "बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. लागला असेल कुणालातरी. आज परत बंद असेल."

"आणि त्या कुणालातरी विहाराचा ओटा माहीत होता?"

परत येऊन मी रंजनाला सहज विचारल्यासारखं विचारलं, पावसाळ्यात शाळा कुठे भरायची इथली. ती म्हणाली, "पलीकडच्या पोरांची ना? विहारात. आमचे हे पन तिथंच शिकले. हे तुमाला कुनी सांगितला?"

मी गुरुजींकडे वळले. "गुरुजी, तुम्ही माझ्याशी फोनवर बोललात का?" त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. नाही. अगदी स्पष्ट, दोनदा. मग करुणाचा विषय मी त्यांच्याकडे काढलाच नाही.

इथे हसू नका, पण मला पहिला विचार आला तो अॅडमिनचाच. माझ्याच नियमाने बघायला गेलं तर तो आवाजही तपासलेला नव्हता. ओळखीचा हेल, ओळखीची सवय, की मी मानून मोकळी. दोन-तीन महिन्यांत दुसऱ्यांदा. तो कुणाचातरी खोटा आवाज असता आणि त्याने सांगितलं असतं की पोरगा हिरा आहे, तर मी करुणाला स्टँडवर सोडून आले असते. आता मी ग्रुपवर कुणालाही फोनवरच्या बोलण्यावर घेत नाही. त्याच्या गावी आपलं माणूस जातं, गिरणीवर बसतं. आणि मुलींना सांगते, जे कुठेही लिहिलेलं नाही ते विचारा, आणि खरा माणूस विचारल्याचा राग धरत नाही.

निघताना रंजना म्हणाली की डॉक्टरांनी गुरुजींची साखर तपासायला सांगितलीय, पण त्यांना खाली कसं न्यायचं. मी म्हटलं, महाडच्या लॅबमधली एक मुलगी पाठवते. एवढंच. भाची म्हणाले नाही, नाव सांगितलं नाही. करुणाला घरी येऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी एकटी जाते. दिवसाउजेडी, एसटीने. तू नको येऊस."

ती सुट्टीच्या दिवशी गेली. फाट्यावरून चढताना प्रत्येक घराने तिला थांबवलं – "कुनाची गो तू?" आमच्याकडे अनोळखी माणूस त्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. ती प्रत्येकाला सांगत गेली, लॅबमधून आलेय, गुरुजींचं रक्त घ्यायला.

गुरुजी पडवीत होते. तिने दंडाला पट्टा बांधला, रक्त घेतलं, कापूस दाबून धरला. तोपर्यंत त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. मग त्यांनी डाव्या हाताने खुर्चीजवळची पाटी ओढली. हल्ली काही हवं असलं की ते पाटीवर लिहून मागतात, म्हणून रंजना पाणी असेल म्हणून तांब्या घेऊन आली. वेड्यावाकड्या अक्षरांत बराच वेळ लिहीत होते. करुणाला वाटलं, दुखलं असेल. तिने वाकून वाचलं.

"त्या रविवारी गेली नाहीस, बरं केलंस."

रंजनाला काही कळलं नाही. ती म्हणाली, "कुठं गो जानार होतीस?" करुणाने गुरुजींच्या पायांना हात लावला आणि विचारलं, "गुरुजी, तुम्ही मला ओळखता?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, अगदी मायेने, आणि मान हलवली. नाही.

याचा अर्थ मी लावू शकलेले नाही, करुणाही नाही, आणि हे सदर वाचून घरात आता कुणी हसत नाही. ती महिन्यातून एकदा वर जाते, रक्त घेते आणि रिपोर्ट स्वतः नेऊन देते.